थांबण्याची वेळ कोण ठरवणार?

रात्रीची लाईट म्हणजे काय, हे पारनेर तालुक्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. मग ऐन थंडीत मध्यरात्री उठायचे, हातात बॅटरी घ्यायची, साप-विंचवाची आणि बिबट्याची भीती मनात ठेवून विहीर गाठायची, मोटर सुरू करायची आणि पहाटेपर्यंत दारे धरायची. हे थांबावे, पिकाला दिवसा पाणी देता यावे, यासाठी राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. २०१७ मध्ये तिच्या पहिल्या प्रकल्पांसाठी जी गावे निवडली गेली, त्यांत राळेगणसिद्धी होते. ऊन असेल तोवर वीज, सूर्य मावळला की मोटर बंद आणि शेतकरी घरी. नवे तंत्रज्ञान माणसाला त्याची झोप परत देऊ शकते, याचे हे साधे उदाहरण.

याच तालुक्यातून जाणाऱ्या पुणे-नगर रस्त्याने दोन तास पुढे गेले की खराडीच्या काचेच्या इमारती लागतात. तिथे, हिंजवडीत आणि मगरपट्ट्यात नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांची मुले-मुली संगणकावर काम करतात. त्यांतल्या अनेकांचे घड्याळ अमेरिकेच्या वेळेला बांधलेले असते. रात्री नऊला बैठक, अकराला पुन्हा फोन, मध्यरात्री कुठेतरी सर्व्हर बंद पडला म्हणून आलेला संदेश. बापाची रात्रपाळी सुटू लागली आणि पोराची सुरू झाली. रमजानमध्ये तर काही घरांत अमेरिकेशी चाललेले बोलणे संपते आणि तासा-दोन तासांत सहेरीसाठी उठायची वेळ होते.

संगणक क्षेत्रातल्या या माणसांची बोलणी ऐकली तर तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. काम संपत नाही. मुलांना वेळ देता येत नाही आणि त्यांच्या हातातला मोबाइल काढून घेता येत नाही. आणि ज्या तंत्रज्ञानावर घर उभे राहिले, तेच इतक्या वेगाने बदलते आहे की आपली नोकरी राहील का आणि मुलांना काय शिकवावे, हे कळत नाही. प्रश्न तीन दिसतात, पण त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. कुठे आणि कधी थांबायचे, हे कोण ठरवणार?

काम वाईट नाही, पण

कामाबद्दल इस्लामची भूमिका स्वच्छ आहे. प्रामाणिक कष्टाची कमाई ही इबादतच मानली जाते. शुक्रवारी जुमाच्या अजाननंतर व्यापार थांबवा आणि नमाज झाली की पुन्हा जमिनीवर पांगा, आपली रोजी शोधा, अशी कुरआनची शिकवण आहे. म्हणजे जुमा हा दिवसभर हात बांधून बसण्याचा दिवस नाही. काम आहेच, फक्त मध्ये एक ठरलेली वेळ अशी आहे की तेव्हा तराजू खाली ठेवायचा.

रोजाही असाच आहे. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न-पाणी सोडायचे, पण सूर्य मावळला की रोजा सोडायला उशीर करायचा नाही, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद आहे. रात्रीही काही न खाता सलग दुसरा रोजा जोडण्यास त्यांनी मनाई केली. त्यांचे एक सहकारी रोज रोजे ठेवत आणि रात्रभर नमाज पढत. प्रेषितांनी त्यांना रोखले. तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, डोळ्यांचा आहे, पत्नीचा आहे, पाहुण्याचा आहे, असे समजावले. जिथे ईश्वराच्या भक्तीलाही मर्यादा घालून दिली आहे, तिथे कचेरीच्या कामाला मर्यादा नसावी, हे कोणत्या न्यायाने?

आज मात्र उलटे वारे आहे. २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असा सल्ला नारायण मूर्ती यांनी दिला. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांचे वक्तव्य गाजले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचे दिवसाचे तास नऊवरून बारा आणि दुकाने-आस्थापनांतील तास नऊवरून दहा करण्यास मंजुरी दिली. दुसऱ्या बाजूला, कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क कर्मचाऱ्याला मिळावा, यासाठी खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा मांडले. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून. आपल्याकडे मात्र १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. तेव्हा त्यावर विसंबून बसता येणार नाही.

पण निराश होण्याचेही कारण नाही. आठवड्याची सुट्टी तरी कुठे आभाळातून पडली? मुंबईच्या गिरण्यांत यंत्रे आली तेव्हा कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत होते. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. वाफेच्या यंत्राला थकवा नव्हता, माणसाला होता. हे मालकाला पटवायला संघटित व्हावे लागले. आजच्या लॅपटॉपलाही थकवा नाही. त्याच्यासमोर बसलेला माणूस मात्र एकेकटा आहे आणि 'मी फोन उचलला नाही तर दुसरा उचलेल' या भीतीत आहे. या भीतीवर एकट्याच्या निर्धाराचा उपाय चालत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी थांबायचे ठरवले तरच ती जाते.

गावांनी वाजवलेला भोंगा

रमजानची ताकद इथेच आहे. एखाद्याने एकट्याने महिनाभर रोजे ठेवायचे म्हटले तर ते अवघड जाते. रमजानमध्ये तेच सोपे होते, कारण गल्ली उठते तेव्हा घर उठते आणि अजान झाली की सारा मोहल्ला एका वेळी खजूर तोंडात टाकतो. वेळ सगळ्यांसाठी एकच असते. मालकालाही तीच, नोकरालाही तीच.

महाराष्ट्रातल्या काही गावांनी ही युक्ती मोबाइलच्या बाबतीत वापरली आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा वाजला की साडेआठपर्यंत घरातला टीव्ही आणि मोबाइल बंद. टाळेबंदीत शाळेसाठी म्हणून मुलांच्या हातात आलेला फोन नंतर सुटेना, त्यातून हा निर्णय झाला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांसी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी केली. अहिल्यानगर जिल्ह्यातही नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन ठराव केले. आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड, आणि शाळकरी मुलांना संध्याकाळी सात ते नऊ मोबाइल बंद. जगही याच प्रश्नाशी झगडते आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची दारे बंद केली.

हे सगळे प्रयत्न कौतुकाचे आहेत, पण त्यांत एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. काही ठिकाणी फक्त मुलांना थांबवले आहे. वडगावात आई-बापही थांबतात. मुलाचा फोन काढून घेऊन बाप शेजारी बसून स्वतःचा फोन चाळत असेल, तर मुलगा एवढेच शिकतो की मोठे झाल्यावर ही मुभा मिळते.

रोजाचा क्रम याच्या नेमका उलट आहे. लहान मुलांवर रोजा बंधनकारकच नाही. तो मोठ्यांवर आहे. आजारी माणसाला, प्रवाशाला सवलत आहे. तरीही दर रमजानमध्ये वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात, सहा-सात वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने पहिला रोजा पूर्ण केला म्हणून. त्या मुलांवर कुणी सक्ती केलेली नसते. उलट आई म्हणते, 'अजून लहान आहेस, नको ठेवू.' आणि मूल हट्ट धरते, कारण घरातली सगळी मोठी माणसे ते करताना त्याला दिसतात. जे मोठ्यांनी आधी पाळले ते मुलांना हवेसे वाटते, हे बालसंगोपनाचे सूत्र कोणत्याही धर्माच्या घरात तपासून पाहता येईल.

इथे राळेगणसिद्धीचा इतिहासही खरेपणाने वाचायला हवा. १९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करातून गावी परतले तेव्हा गाव दुष्काळ आणि दारू यांनी पोखरलेले होते. त्यांनी आधी स्वतःच्या पैशातून यादवबाबांचे मंदिर दुरुस्त केले, मग लोक श्रमदानाला आले. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान या पाच सूत्रांवर गाव उभे राहिले. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी म्हणजे तरी काय? डोंगरावर गवत आहे, झाड आहे, हातात कुऱ्हाड आहे, तरी सगळ्यांनी मिळून ठरवायचे की तोडायचे नाही. एकानेही मोडले तर माळ पुन्हा उजाड. सगळ्यांनी पाळले म्हणून पाणी मुरले, विहिरींना आले. पण त्याच काळात दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारले गेले आणि हे अण्णांनी स्वतः सांगितले आहे. दारू सुटली हे खरे. तरी फटक्याने केलेली बंदी आणि मनाने पाळलेली मर्यादा यांत अंतर राहतेच. मुलांच्या मोबाइलबाबत तर फटका मुळीच चालत नाही. तो खाल्लेले मूल फोन सोडत नाही, लपवायला शिकते. रोजाचा पाया नियत आहे. बंद खोलीत गुपचूप पाणी प्यायले तर कुणाला कळणार नाही, तरी पीत नाहीत. मुलांत रुजवायचे आहे ते हे.

बनवणाऱ्यालाच ठाऊक

तंत्रज्ञान क्षेत्रातली माणसे या बाबतीत इतरांपेक्षा जास्त काही सांगू शकतात, कारण आतली घडण त्यांना माहीत असते. आयपॅड बाजारात आणणारे स्टीव्ह जॉब्ज यांनी २०१० मध्ये एका पत्रकाराला सांगितले होते की त्यांच्या मुलांनी तो वापरलेला नाही, घरात तंत्रज्ञानावर मर्यादा आहे. बोट सरकवत राहिले तरी पान कधीच संपत नाही, ही रचना घडवणारे अभियंते अझा रास्किन यांनीही पुढे त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पूर्वी पुस्तकाला शेवटचे पान होते, टीव्हीवरच्या बातम्या संपत होत्या, वर्तमानपत्र घडी करून ठेवता येत होते. मोबाइलवरच्या चित्रफितींना शेवट नाही. ज्या रोजाला मगरिब नाही, तो कुणी ठेवू शकेल का? ज्या करमणुकीला शेवट नाही, ती मुलाच्या हाती देऊन 'आपले आपण बंद कर' म्हणणे हा त्याच्यावरच अन्याय आहे.

म्हणून करमणूकच वाईट, असे कुणी समजू नये. आशुराच्या रोजाच्या दिवशी मदीनेतल्या माता लहान मुलांसाठी लोकरीची खेळणी करून ठेवत. भुकेने मूल रडू लागले की ते खेळणे देत आणि इफ्तारपर्यंत त्याचे मन रमवत, असे हदीसमध्ये आले आहे. रडणाऱ्या मुलाला रमवणे ही आईची जुनी रीत आहे. फरक एवढाच की ते खेळणे आईने केलेले होते, आई शेजारी बसलेली होती आणि इफ्तार झाली की खेळणे बाजूला पडत होते. आज आई-बाप दोघेही कामावर, आजी-आजोबा गावी, मग फोन हीच दाई झाली. यात एकट्या आईला दोष देणे सोपे आहे आणि चुकीचेही आहे. रमजानमध्ये सहेरीला सगळ्यांच्या आधी उठणारी, दिवसभर कंपनीचे काम करणारी आणि इफ्तारची थाळी मांडणारी बाई बहुतेक घरांत एकच असते. तिचा रोजा इतरांच्या रोजाहून लांब असतो. वडिलांनी लॅपटॉप मिटून भजी तळायला घेतली, फळे चिरली, तर मुलांना तेही दिसेल.

प्रेषितांच्या चरित्रातले दोन प्रसंग वडिलांनी विशेष लक्षात ठेवावेत असे आहेत. नमाज पढवताना मागे एखादे बाळ रडल्याचे ऐकू आले, तर आईचा जीव कासावीस होईल म्हणून ते नमाज आखूड करत. आणि एकदा सजद्यात असताना नातू पाठीवर बसला, तर त्याचे मन भरेपर्यंत त्यांनी सजदा लांबवला. मुलासाठी नमाज आखूडही झाली आणि लांबलीही. आजच्या बापाची बैठक मात्र मुलासाठी पाच मिनिटेही पुढे-मागे होत नाही.

यावर कुणी म्हणेल, याच क्षेत्राने घरे वर आणली. जिरायती शेतीतल्या घरांना पक्के छत, मुलींना शिक्षण, आई-वडिलांना दवाखाना मिळाला तो याच पगारातून. घरून काम करण्याची सोय झाली म्हणून काहींना गावी राहून म्हाताऱ्या आई-बापाची सेवा करता आली. हे खरे आहे. सहेरीला जागवायला एकेकाळी फकीर डफ वाजवत यायचे, मग लाऊडस्पीकर आले, आता फोनचा गजर होतो. त्याने काही बिघडले नाही. मोबाइल हराम नाही आणि नोकरीही नाही. अन्नही हराम नसते, तरी रोजात ते सोडतात. जे हक्काचे आहे त्यालाही काही काळ हात लावायचा नाही, हीच तर रोजाची शिकवण आहे.

मुलांना काय द्यायचे?

तिसरी काळजी सर्वांत मोठी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि जे काम शिकायला चार वर्षे लागत होती, त्यातले बरेच यंत्र करू लागले. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे बारा हजार पदे कमी करण्याचे जाहीर केले. 'संगणक शिक, आयुष्याचे कल्याण होईल,' असे ज्यांना त्यांच्या बापाने सांगितले, ते आज आपल्या मुलांना तसे ठामपणे सांगू शकत नाहीत. घाबरून कुणी आठ वर्षांच्या मुलाला कोडिंगच्या शिकवणीला घालतो, कुणी आणखी चार शिकवण्या लावतो. दहावी-बारावीच्या परीक्षा याच दिवसांत असतात आणि घराघरात टक्क्यांचे ओझे वाढते.

अशा वेळी राळेगणसिद्धीची आणखी एक गोष्ट आठवण्याजोगी आहे. तिथले संत निळोबाराय विद्यालय प्रसिद्ध झाले ते नापास मुलांमुळे. इतर शाळा ज्यांना दारात उभे करत नव्हत्या, अशा मुलांना तिथे प्रवेश मिळाला. पहाटे उठणे, व्यायाम, अभ्यास, श्रमदान, मोठ्यांचे लक्ष, एवढ्यावर ती मुले उभी राहिली. त्यात कोणते महागडे यंत्र नव्हते. दिवसाला आकार होता आणि मुलाकडे लक्ष देणारे कुणीतरी होते.

तंत्रज्ञानातला जाणता माणूसही शेवटी तिथेच येतो. आज शिकवलेली संगणकाची भाषा दहा वर्षांत जुनी होईल. स्वतःला आवरता येणे, एका कामात मन लावणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, चूक सापडली की पुन्हा पहिल्यापासून करणे, हे जुने होत नाही. आणि हे शिकवणीत मिळत नाही. ते घरात, मोठ्यांना पाहून येते.

यासाठी फार मोठे काही करावे लागेल असेही नाही. रमजानच्या उरलेल्या दिवसांत मुस्लिम घरांनी इफ्तारपासून तरावीहपर्यंत फोन कपाटात ठेवून पाहावा. इफ्तारच्या थाळीची छायाचित्रे पाठवण्यात आणि तरावीहनंतर चित्रफिती पाहण्यात ज्या रात्री जातात, त्यांचा हिशेब आधी आपल्याच समाजाने करायला हवा. शेवटच्या दहा दिवसांत एतेकाफला बसणाऱ्याने मशिदीत फोन नेला तर तो बाजारातून उठून आलाच नाही. हिंदू घरांनी दिवेलागणीची वेळ तशीच राखावी. ती जुनीच आहे, फक्त टीव्हीच्या मालिकांनी ती व्यापली. गावात मशीद आणि मंदिर दोन्ही असतील, तर दोन्हींच्या विश्वस्तांनी मिळून एकच वेळ ठरवावी आणि ग्रामसभेत ठराव करावा. शहरातल्या सोसायट्यांनाही हे जमेल. आणि कंपन्यांत जे गटप्रमुख झाले आहेत, त्यांनी आपल्या हाताखालच्या माणसाला रात्री संदेश पाठवण्याआधी तो सकाळी पाठवून भागेल का, एवढे पाहावे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, त्याला झेपणार नाही एवढे काम सांगू नका आणि सांगितलेच तर स्वतः हात लावा, ही प्रेषितांची शिकवण वातानुकूलित इमारतीतल्या मजुरालाही लागू आहे. तिथे घाम दिसत नाही, म्हणून तो नसतो असे नाही.

ईदनंतर रोजे संपतील. सौर पॅनेलवर चालणारी मोटर मात्र राळेगणमध्ये रोज सूर्यास्ताला थांबेल आणि शेतकरी घरी जाईल. त्याच्या शहरातल्या लेकाला, लेकीला आणि नातवंडांना रोज तेवढी एक वेळ मिळावी. ती मिळवायची तर सगळ्यांनी मिळून ठरवावी लागेल आणि मोठ्यांनी आधी पाळावी लागेल.